थोरली, धाकटी आणि मामांचा उजवा पाय

मामा जेवायला बसले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. उजव्या पायातली बाहेरच्या खोलीत मधोमध उलटी पडली होती आणि ती कधी निसटली याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"अहो, चप्पल?" मामींनी विचारलं.

मामांनी खाली पाहिलं. फरशी गार होती; डाव्या पायातली चप्पल सारून टेकवल्यावर त्या पायाला ते कळलं. उजव्याला कळत नव्हतं.

"सैल झालीय," ते म्हणाले. "नवी घ्यायला हवी."

मामींनी बाहेर जाऊन ती उचलून आणली. ती चप्पल नवीच होती आणि त्यांनीच आणली होती.

मामांना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते. पण मोटारींच्या कारखान्यात गेटवरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे आणि त्यांची बायको आपोआप मामी झाली होती. मामा टेस्ट ड्रायव्हर होते. बाजारात यायच्या आधी गाडी चिखलात, दगडांत, वाळूत घालायची, तिचे जेवढे हाल करता येतील तेवढे करायचे आणि मग कुठे काय दुखतंय ते इंजिनिअर लोकांना सांगायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी ते डोंगरात अडकलेल्या गाड्या ओढून काढायच्या ट्रकवर होते. घाटात रुतलेल्या, ओढ्यात बंद पडलेल्या, कड्याला लटकलेल्या गाड्या त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की गाडी म्हटलं की ती अडकणारच, असंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. न अडकणारी गाडी हवी. बाकी सगळं लाड.

त्या वर्षी कंपनी एक नवी एसयूव्ही काढणार होती आणि तिची दोन रूपं तयार झाली होती. आकार ओळखू येऊ नये म्हणून दोघींवर काळेपांढरे वेडेवाकडे कागद चिकटवलेले. वरून सारख्या, आतून अगदी वेगळ्या. एकीला जाड लोखंडी सांगाडा, मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग ॲक्सल, जमिनीपासून पोट उंच, आणि खडी चढण चढायला वेगळा खालचा गिअर. दुसरीचं प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं, स्प्रिंगा मऊ, सीट खोल, आवाज जवळजवळ नाही. पण तिचं पोट खाली होतं. कारखान्यातले लोक पहिलीला थोरली म्हणायचे आणि दुसरीला धाकटी. दोघींपैकी एकच बाजारात जाणार होती.

थोरली मामांची लाडकी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी होती मॅडमची.

मॅडम नव्याने आलेल्या इंजिनिअर. आधीच्या नोकरीत त्या सीटवर काम करत होत्या, म्हणून पोरांनी पाठीमागे त्यांचं नाव सोफाबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या, "मामा, ही गाडी घेणारे बहुतेक लोक आयुष्यात डांबर सोडत नाहीत. पोरांना शाळेत सोडतात, ऑफिसला जातात, आईला दवाखान्यात नेतात. त्यांनी रोज हाडं खिळखिळी का करून घ्यायची?"

"आणि ज्या दिवशी डांबर सोडतील त्या दिवशी?" मामा म्हणाले. "त्या दिवशी सोफ्यावर बसून रडायचं?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या, "रडायचं असेल तर निदान कंबर तरी शाबूत असावी."

ते वाक्य मामांच्या वर्मी लागलं, पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

कारण गेले काही महिने एक गोष्ट ते सगळ्यांपासून लपवत होते. थोरलीवर दिवस काढला की संध्याकाळी त्यांना गाडीतून उतरता यायचं नाही. कंबरेतून एक कळ निघायची आणि मांडीच्या मागून थेट घोट्यापर्यंत सुरी फिरवल्यासारखी जायची. मग ते मोबाइल कानाला लावून उगाच कुणाशी तरी बोलल्याचं सोंग करत सीटवर बसून राहायचे. बाकीचे निघून गेले की दाराला धरून हळूच उतरायचे. धाकटी चालवली त्या दिवशी असं होत नसे. तिच्यातून ते टुणकन उतरायचे आणि त्याबद्दल त्यांना तिचा भयंकर राग यायचा.

चपलेच्या प्रकारानंतर मामींनी पिच्छाच पुरवला. शेवटी मामा डॉक्टरांकडे गेले, पण एकटे. डॉक्टरांनी त्यांना टाचेवर चालायला लावलं. डाव्या टाचेवर जमलं, उजव्या पायाचा चवडा वर उचललाच जाईना. डॉक्टरांनी पायाच्या बोटांवर टाचणी टोचली. "दुखतंय?"

"टोचली का?" मामांनी विचारलं.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेलीय, लवकर ऑपरेशन करावं लागेल, आणि तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मामांनी मान डोलावली. धंदा काय करता, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कारखान्यात आहे."

घरी आल्यावर मामी दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाले?"

"कंबर धरलीय. शेक घ्या म्हणाले."

"बास? एवढंच?"

"मग काय ॲडमिट करून घेणार होते?" मामा खेकसले आणि आत गेले. आपण उगाच आवाज चढवला, हे त्यांचं त्यांनाच कळलं. मामींनाही कळलं असावं. त्यांनी पाणी तापवून पिशवी भरून दिली आणि नंतर दोन दिवस लागेल तेवढंच बोलल्या.

मामांचा हिशेब साधा होता. पुढच्या आठवड्यात खाणीच्या उतारावर अखेरची चाचणी होती आणि मोठे साहेब स्वतः येणार होते. थोरली तिथून वर चढवून खाली आणायची, मग धाकटी. धाकटी चढणार नाही, याची मामांना खात्री होती. एवढं एकदा होऊ दे, मग डॉक्टर आहेत, ऑपरेशन आहे, सगळं आहे.

खाण शहराबाहेर होती. अर्धा डोंगर कापून नेलेला आणि त्या कापलेल्या अंगावरून दगडी वाट खाली उतरत गेलेली. एका बाजूला सरळसोट भिंत, दुसऱ्या बाजूला खड्डा, तळाशी हिरवट पाणी साचलेलं. वाटेच्या मध्यावर खडकाची एक पायरी होती. उतरताना तिच्या कडेवर गाडी आली की किंचित रेस द्यायची आणि चाक पुढे पडताच पाय उचलून ब्रेकवर आणायचा. मामा ही पायरी इतक्या वेळा उतरले होते की ती त्यांच्या अंगातच मुरली होती.

त्या सकाळी ते थोरलीत बसले. शेजारी मॅडम, मांडीवर लॅपटॉप. नियमच होता, नोंदी घ्यायला इंजिनिअर गाडीत हवा. वर, खाणीच्या माथ्यावर, पैलवान उभा होता. पैलवान म्हणजे मामांच्या हाताखालचा ड्रायव्हर, अंगाने इतका काटकुळा की वारा आला तर गाडीला धरून उभा राहायचा. खाली मोठे साहेब आणि त्यांच्याबरोबरची मंडळी.

चढण झकास झाली. थोरली घोरत, धूळ उडवत, एकेक दगड पंजाखाली घेत वर आली. मामांना कंबरेतली कळ जाणवत होती, पण अंगात जोश होता.

"मानलं मामा," मॅडम प्रामाणिकपणे म्हणाल्या. "धाकटीला हे जमणार नाही."

मामांना त्या एका वाक्याने इतकं बरं वाटलं की क्षणभर वाटलं, इथेच थांबावं. पण उतार राहिला होता.

गाडी वळवली. नाक खाली. खालचा गिअर, गाडी मुंगीच्या पावलांनी उतरायला लागली. पायरी आली. मामांनी कडेवर गाडी आणली, किंचित रेस दिली, पुढची चाकं धप्पदिशी खाली पडली, आणि त्यांनी पाय ब्रेकवर आणला.

म्हणजे त्यांना वाटलं, आणला.

गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. इंजिन किंचाळलं. मॅडमचा लॅपटॉप समोर आदळला. मामांच्या तोंडचं पाणी पळालं, तरी हात आपलं काम विसरले नव्हते. त्यांनी स्टिअरिंग भिंतीच्या बाजूला फेकलं. थोरलीचं नाक दगडावर घासत गेलं, गाडी गर्रकन फिरली, मागचा भाग खड्ड्याच्या बाजूला सरकला आणि पोट एका खडकावर टेकून ती कशीबशी अडली. इंजिन बंद पडलं. मागचं एक चाक हवेत होतं.

सगळीकडे धूळ. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज: गाडीखालून सुटणाऱ्या खडीचा.

मामांनी हँडब्रेक ओढला. पण तो मागच्या चाकांना लागायचा, आणि त्यातलं एक अधांतरी, दुसरं सुट्या खडीवर. खालच्या गिअरची दांडी धक्क्याने निसटून मधोमध येऊन बसली होती, म्हणजे आता गिअर चाकांना धरून ठेवणार नव्हता. पुढची चाकं धरायला पायातला ब्रेकच हवा होता. गाडी बोटभर सरकली. थांबली. पुन्हा सरकली.

मामांनी खाली बघायचा प्रयत्न केला. गाडी कलली होती, पट्ट्याने छाती आवळली होती, वाकताच येईना.

"मॅडम," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "माझा उजवा पाय कुठे आहे, जरा बघून सांगा."

"काय?"

"मला कळत नाहीये. पाय कुठे आहे ते मला कळत नाहीये. बघा आणि सांगा."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. एका क्षणात बाईंना सगळं समजलं, हे मामांना दिसलं. त्यांनी पट्टा सोडला आणि डोकं खाली घातलं.

"बूट रेसवरून घसरून ब्रेकच्या पट्टीखाली गेलाय. अडकलाय. पट्टी खाली दाबलीच जाणार नाही."

"ओढून काढा. हळू. झटका नको."

"घोट्याला धरते. दुखेल."

"नाही दुखणार," मामा म्हणाले.

मॅडमनी दोन्ही हातांनी त्यांचा घोटा धरला आणि टाच फिरवत, लहान पोराच्या पायातला बूट काढावा तसा तो पाय अलगद मागे घेतला. मामांनी डावा पाय पुढे सारून ब्रेक दाबला. गच्च. खडीचा आवाज थांबला.

खाली साहेबांबरोबरची माणसं फोटो काढायच्या नादात वाटेवर आली होती, ती आता सैरावैरा बाजूला पळत होती.

"मी उतरू का?" मॅडमनी विचारलं.

"नका. तुम्ही भिंतीच्या बाजूला आहात. तुमचं वजन तिथेच हवंय."

"माझ्या वजनाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. मामांना हसू आलं नाही, पण डावा पाय ब्रेकवर आणखी घट्ट बसला.

वरून पैलवानाने खाणीतला दगड उचलायचा लोडर आणला. साखळी घेऊन तो काटकुळा माणूस दगडांवरून घसरत खाली आला, गाडीखाली पालथा झाला आणि हूक अडकवून ओरडला, "मामा, ब्रेक सोडू नका! मी सांगेपर्यंत सोडू नका!" साखळी ताणली गेली. थोरली करकरली, खडकावरून उठली आणि इंच इंच करत मागे, वाटेवर आली. पैलवान ओरडत होता, "सोडा! आता सोडा!" पण डावा पाय सोडायचं नाव घेईना. मॅडमनीच मग मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मोठे साहेब धापा टाकत वर आले. माणसं सुखरूप आहेत हे बघून त्यांनी आधी कपाळाचा घाम पुसला. मग त्यांची नजर गाडीकडे गेली.

"गाडीला काय झालं? एकदम उसळली कशी? आणि हा गिअर निसटलाय की काय?"

मामा दगडावर बसले होते. उत्तर आयतं समोर आलं होतं. गिअर खरंच निसटला होता. हो म्हटलं की संपलं. थोरली बाद, धाकटी पास, आणि आपली सीट शाबूत. मॅडमना तर तेच हवं होतं. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम फुटलेला लॅपटॉप छातीशी धरून उभ्या होत्या आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या.

"गिअर निसटला तो नंतर, साहेब," मामा म्हणाले. "आधी माझा पाय चुकला."

"तुमचा? पाय?"

"उजव्या पायात जीव नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. मी लपवलं. बाईंचा जीव गेला असता, खाली तुम्हा लोकांचाही. गाडीत खोट काढू नका, गिअरची दांडी तेवढी नीट करा."

साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. ते पाठ फिरवून खाली उतरून गेले, आणि ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

घरी न्यायला धाकटी होती. मॅडम चालवायला बसल्या, मामा मागे. इतक्या वर्षांत ते कधी मागच्या सीटवर बसले नव्हते. खाणीतून बाहेर पडायचा रस्ता दगडाधोंड्यांचा. पहिला खड्डा आला आणि मामा दचकले. पुढे बसणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. तो दात आवळतो, अंग सावरतो. मागच्याला काहीच दिसत नाही. तो आपला बेसावध, आणि धक्का सरळ त्याच्या मणक्यात. पण धाकटीने तो धक्का पोटात घेतला. थोडं हेलकावल्यासारखं झालं, बस. पुढे एका उंचवट्यावर मात्र तिचं पोट खडकाला खर्रकन घासलं.

"ऐकलंत?" मामा म्हणाले.

"ऐकलं," मॅडम म्हणाल्या. "उचलावं लागेल थोडं."

शहर लागलं तेव्हा मॅडमनी आरशातून बघत विचारलं, "आज काही झालं असतं तर? माझ्या आईला काय सांगितलं असतंत?"

मामांनी मागूनच हात जोडले. मॅडमनी आरशातली नजर काढून घेतली.

मामींना त्यांनी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. मामी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिना चढता तेव्हा उजवा पाय फरफटत येतो. मी रोज ऐकते. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. एका परक्या बाईला तुमचा पाय धरावा लागला तेव्हा सांगितलंत." असं म्हणून त्या आत गेल्या आणि कपाटातून त्यांच्या पांघरुणाची, कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. ती आधीच भरून ठेवलेली होती. "चला दवाखान्यात."

ऑपरेशन झालं. कळ गेली, पण पायातली जाण पूर्ण परत आली नाही. फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. कंपनीने चौकशी केली, कडक समज दिली आणि स्टिअरिंग काढून घेतलं ते कायमचं. मामा घरी पडून छताकडे बघायचे. कुणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग करायचे.

मॅडम आल्या तेव्हा मामींनी ते सोंग चालू दिलं नाही.

"मला मागच्या सीटवर माणूस हवाय," मॅडम म्हणाल्या. "रोज."

"म्हणजे मी आता पोतं?" मामा म्हणाले.

"पोतं तक्रार करत नाही. तुम्ही कराल."

मामा रुसून भिंतीकडे वळले. पुढच्या सोमवारी काठी टेकत कामावर हजर झाले.

धाकटीलाच थोरलीचा खालचा गिअर बसवून बाजारात न्यायचं ठरलं आणि पुढचं वर्ष भांडणात गेलं. मऊ स्प्रिंगा ठेवायच्या, हे ठरलं; पण मऊपणा इतका नको की वळणावर मागच्या माणसाला मळमळेल, यावर मामा अडून बसले. पोट उचललं तर दार उंच जातं आणि म्हाताऱ्या माणसाला चढता येत नाही, यावर मॅडम. खालचा गिअर काढून टाका, खर्च वाचेल, असं वरून आलं तेव्हा मात्र दोघं एकाच बाजूने भांडले आणि गिअर राहिला, दांडी न निसटणारा. शेवटी मोठ्या साहेबांनी विचारलं, "खाणीचा उतार?"

"उतरते सुखरूप," मामा म्हणाले. "चढत नाही. पायरीशी थांबते. थोरली चढायची, ही नाही चढणार. लोकांना तसं सांगा."

लोकांना तसं कुणी सांगितलं नाही. जाहिरातीत गाडी एका सुळक्याच्या टोकावर उभी होती. "हेलिकॉप्टरने ठेवली असेल," मामा म्हणाले आणि कितीतरी दिवस त्या फोटोकडे बघितलं की चिडायचे.

गाडी बाजारात आल्यावर एका सुट्टीच्या दिवशी पैलवान ती घेऊन दारात आला आणि म्हणाला, चला, फिरवून आणतो. मामा-मामी मागे बसले. शहराबाहेरचा फुटका रस्ता लागला तसा मामांचा तोंडाचा पट्टा सुरू झाला: डावीकडून घे, गिअर बदल, अरे तो दगड बघ.

"अहो, गाडी तो चालवतोय," मामी म्हणाल्या.

मामा गप्प झाले. ते गप्प बसणं सोपं नव्हतं, हात मांड्यांवर घट्ट आवळलेले होते. थोड्या वेळाने मामींनी विचारलं, "तुम्ही सांगत होतात तो मोठा खड्डा कधी येणार?"

"येऊन गेला," मामा म्हणाले.

पुढे एका टपरीशी पैलवानाने गाडी थांबवली. मामींनी आपल्या बाजूने उतरून, वळसा घालून मामांच्या बाजूचं दार उघडलं. मामा काठी आधी बाहेर टाकून सावकाश उतरले आणि तिघं चहा प्यायला गेले.